टपालबाईनं निरोप थांबवले

माझे हे, म्हणजे घरातले थोरले, आणि माझे धाकटे दीर, ज्यांना मी भावजी म्हणते, हे दोघे सख्खे भाऊ तेवीस वर्षं एका खोलीत काम करत होते आणि एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते. खोली तरी केवढी! घराच्या खालीच पुस्तकबांधणीचं दुकान आणि वर आम्ही राहायला. दुकानात एक लांब टेबल. त्याच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला भावजी, आणि मधोमध शिलाई करायला एक बाई.

भांडण कशावरून, तर पुठ्ठे चिकटवायचा सरस तापवायचं भांडं कुणी जाळलं यावरून. भांडं जळलं तेव्हा दोघंही दुकानात होते. दोघांच्याही नाकाला वास आला होता. दोघांनाही वाटलं, दुसरा उठेल. "तो आधी बोलला तर मी बोलेन," असं हे म्हणाले. "त्यांनी आधी बोलावं, मी लहान आहे," असं भावजी म्हणाले. चार दिवस गेले, चार महिने गेले. मग इतके दिवस गेलेच आहेत तर आता कशाला, असं दोघांनी आपापलं ठरवलं. तेवढ्या एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत झालं.

वर आम्ही दोघी जावा एका स्वयंपाकघरात, एका ओट्यावर. आम्हाला अबोला धरायला सवडच मिळाली नाही. दोघांच्या अबोल्याची उस्तवार आमच्याकडेच होती ना! एकाला वाढून झालं की दुसऱ्याला हाक मारायची.

पण मला सांगायचंय ते टेबलाच्या मधोमध बसणाऱ्या बाईबद्दल. आमची सगळी गल्ली तिला टपालबाई म्हणते.

ती आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. कडेवर तीन वर्षांची पोर आणि नवरा घर सोडून गेलेला. शिलाई तिला येत होती, पण कपड्यांची. पुस्तकाची शिलाई वेगळी. मोठ्या छापील कागदाची घडी घातली की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून पाठीतून दोऱ्यानं शिवायचे. टाका सैल पडला तर पान गळतं, घट्ट पडला तर कागद फाटतो. हे मी ऐकून सांगतेय. माझी शाळा चौथीत सुटली, आणि घरात पुस्तकांचे एवढे ढीग असून मला ती बाहेरूनच ठाऊक. ती मात्र महिन्याभरात शिकली. बोलायची कमी, बघायची जास्त.

त्याच महिन्यात ते दीडशे पुस्तकांचं झालं. एका शाळेची कवितांची पुस्तकं होती. शिवून झाली की पुस्तक तीन बाजूंनी मशीनवर कापतात, कडा सारख्या व्हाव्यात म्हणून. संध्याकाळी ह्यांनी दीडशेच्या दीडशे कापली आणि ढीग लावून वर आले. सकाळी भावजी लवकर उतरले. त्यांना ढीग दिसला. वाटलं, कापायचा राहिलाय. साधं "कापलीत का हो दादा" एवढं विचारायचं होतं. पण विचारायचं कसं? त्यांनी पुन्हा तिन्ही बाजू बोटभर कापल्या. पानांचे आकडे उडाले आणि ओळींची शेवटची अक्षरंही गेली. शाळेच्या बाईंनी पुस्तक उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "यातली प्रत्येक कविता खोकला आल्यासारखी मधेच थांबते."

ती नवी शिलाईवाली मधे बसली होती. ह्यांना कापताना तिनं बघितलं होतं, भावजींनाही बघितलं होतं. नवी म्हणून गप्प राहिली. तो गप्पपणा तिला फार लागला. दुसऱ्या दिवसापासून ती बोलायला लागली, आणि तिचं टपाल सुरू झालं.

ऐकायला मोठी गंमत असायची. मी अकरा वाजता चहा घेऊन खाली जायची ती मुद्दाम रेंगाळायची.

हे म्हणायचे, "त्या गाढवाला सांग, पुठ्ठा आडवा धरलाय. वाकेल तो."

टपालबाई मान वळवायची. "छोटे मालक, मोठे मालक विचारतायत, पुठ्ठा उभा घेतला तर बरा बसेल का?"

भावजी तीन हातांवर. बहिरे थोडेच होते! गाढवसुद्धा ऐकलेलं असायचं. पण टपाल पोचेपर्यंत पुठ्ठ्याला बोट लावायचे नाहीत. टपाल पोचलं की म्हणायचे, "त्यांना सांग, मला शिकवू नका."

"मोठे मालक, बघतो म्हणालेत."

आणि पुठ्ठा फिरवायचे!

पुढे तिच्या एक ध्यानात आलं. ते आमच्या कुणाच्या कधी आलं नव्हतं. एकाला काय हवं हे दुसऱ्याला कळलं, की दुसऱ्याला नेमकं ते नको असायचं. वाचनालयाची पुस्तकं बांधायची होती. भावजींना जाड कापड हवं होतं आणि ते बरोबरच होतं. तिनं तसं ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "जाड कशाला? पातळ घ्या." सहा महिन्यांत सगळी पुस्तकं कोपऱ्यांना फाटून परत आली. पुढच्या वेळी तिनं सांगितलं, "छोटे मालक म्हणतायत, पातळ कापड पुरे."

"पुरे?" हे उसळले. "वाचनालयाची पुस्तकं आहेत ती! शंभर हातांतून जातात. जाड घ्या म्हणावं, माझं नाव सांगून!"

झालं. त्या दिवसापासून दुकान ती चालवायला लागली, आणि ते दोघा भावांना कळलं नाही. कापड, दोरा, सरस, कुठलं काम घ्यायचं, कुठलं नाही, सगळं तिनं ठरवायचं आणि दोघांना उलटं सांगायचं. दोघंही खूश. आपणच दुसऱ्याला हाणून पाडलं असं दोघांनाही वाटायचं. काम एवढं चोख व्हायला लागलं की लांबून लोक येत. मी खोटं कशाला बोलू, ही विद्या मीही तिच्याकडून उचलली. ह्यांना डॉक्टरकडे न्यायचं असलं की म्हणायची, "भावजी म्हणतात डॉक्टरची काही गरज नाही." हे आधी चपला घालून तयार!

पण सवय वाईट. ती दुकानातून तिच्या घरी गेली.

तीन वर्षांपूर्वी तिच्या लेकीला लांबच्या शहरात नोकरी मिळत होती आणि इथेही एक मिळत होती. लेकीनं विचारलं, "आई, काय करू?" टपालबाईला ती इथेच हवी होती. इतकी हवी होती की तोंडातून सवयीनं उलटं निघालं. "जा की," ती म्हणाली. "इथे काय ठेवलंय? मला काही तुझी गरज नाही." तिला वाटलं, पोर चिडेल आणि म्हणेल, नाही जात. पण लेक काही आमच्या दुकानातल्या भावांसारखी नव्हती. तिनं आईचं बोलणं सरळ ऐकलं, सरळ मानलं आणि गेली.

हे मला तिनं सांगितलं ते मागच्या वर्षी, दुकान बंद करायची वेळ आली तेव्हा.

ह्यांचे हात थरथरायला लागले होते. भावजींना एका डोळ्यानं दिसत नव्हतं. आमची मुलं आपापल्या कामांत, त्यांना सरसाचा वासही नको. समोरच्या फरशीवाल्याला गोदामाला जागा हवी होती. तो म्हणाला, शुक्रवारी येतो, दोघांनी सही करा. दुकान दोघांच्या नावावर, तेव्हा दोघांच्या मनाशिवाय काही होणार नव्हतं.

टपालबाई सोमवारी वर आली. आमच्या स्वयंपाकघरात खाली बसली. जाऊ भाजी निवडत होती, मी डाळ.

"वहिनी, दुकान मला चालवायचंय."

"तू तर चालवतेसच," जाऊ म्हणाली.

"तसं नाही. माझं म्हणून. बंद झालं तर मी एकोणपन्नासाव्या वर्षी कुठे जाऊ? मला दुसरं काही येत नाही. आणि हे मला इतकं चांगलं येतं, की दुसरं शिकायचं नाहीये."

मी म्हटलं, "मग अडलंय कशावर? ह्यांना सांग, भावजी नाही म्हणतायत. भावजींना सांग, हे नाही म्हणतायत. गुरुवारपर्यंत दोघंही तुझ्या मागे लागतील, घे बाई दुकान, घे बाई दुकान म्हणून."

जाऊ हसली. तीही हसली. मग म्हणाली, "नाही."

"का गं? एवढं तर रोज करतेस."

तेव्हा तिनं ते लेकीचं सांगितलं. सांगताना रडली वगैरे नाही. टाका घालताना असतो तसा तिचा चेहरा होता. "मागच्या महिन्यात मी तिला फोन केला," ती म्हणाली. "सरळ सांगितलं, तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं. ती म्हणाली, मग तेव्हा का नाही बोललीस? दोन वर्षं मी समजत होते की तुला मी नकोशी आहे."

"येतेय का परत?" मी विचारलं.

"नाही. घर केलंय तिनं तिथे. पण फोन रोज येतो आता." ती उठली. "वहिनी, हे दुकान उलटं बोलून मिळवलं, तर ते राखायलाही जन्मभर उलटंच बोलावं लागेल. मी सरळ मागणार."

मला ते पटलं नाही. हातात असलेला उपाय टाकून कोण देतं? पण तिनं ठरवलं होतं.

मंगळवारी तिनं ह्यांना सांगितलं. "मोठे मालक, दुकान मला चालवायला द्या."

ह्यांनी चष्मा काढला. "तो काय म्हणाला?"

"त्यांना अजून विचारलं नाही. तुम्हाला विचारतेय."

"आधी त्याला विचार."

ती मान वळवून भावजींना विचारायला गेली, तर ते म्हणाले, "ते काय म्हणाले?"

"ते म्हणाले, आधी तुम्हाला विचार."

"मग मी आधी का सांगू?"

बघा आता! दुसऱ्याचं मत कळल्याशिवाय कुणाला स्वतःचं मतच नव्हतं. बुधवारही तसाच गेला. मी तिला जिन्यात गाठलं. "अगं, उद्याचा एक दिवस आहे. शेवटचं एकदा खोटं बोल आणि सूट." तिनं माझ्या हातातली किटली घेतली, म्हणाली, "चहा सांडतोय, वहिनी," आणि निघून गेली.

गुरुवारी अकराला मी आणि जाऊ दोघीही खाली उतरलो. चहाला दोघींची गरज नव्हती. टपालबाई रोजच्यासारखी बसली होती. समोर एका कॉलेजची रजिस्टरं, निम्मी शिवलेली.

हे म्हणाले, "त्याला सांग, फरशीवाला उद्या दहाला येतोय. चष्मा घेऊन बस म्हणावं. सही जागेवर होऊ दे."

तिनं टाका घातला, दोरा ओढला.

"अगं, ऐकलंस का?"

"ऐकलं," ती म्हणाली. "त्यांनीही ऐकलं. मी सांगणार नाही."

भावजींनी मान वर केली. हे म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे आजपासून निरोप बंद. उद्या दुकान राहो की जावो, निरोप बंद." मग तिनं सुई टोचून ठेवली आणि दोघांकडे आळीपाळीनं बघत सगळं सांगितलं. पातळ कापडाचं सांगितलं, जाड कापडाचं सांगितलं. कुठलं काम कुणाच्या नावानं घेतलं, ते सांगितलं. मोठ्यांनी दिलेल्या शिव्या किती धुऊन पोचवल्या आणि छोट्यांच्या किती वाटेतच टाकून दिल्या, तेही सांगितलं. "तेवीस वर्षं मी तुम्हाला उलटं सांगितलं," ती म्हणाली. "ते मी करायला नको होतं. आता सरळ सांगते. हे दुकान मला हवंय. मी ते चालवू शकते, कारण चालवतेच आहे. हो म्हणा, नाही म्हणा, पण आपापल्या तोंडानं म्हणा."

जावेनं माझा दंड धरला.

ह्यांचा चेहरा लाल झाला. ते उठले, टेबलाला वळसा घालून थेट भावजींपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ही बाई तेवीस वर्षं आपल्याला उल्लू बनवत होती!"

भावजींचं तोंड उघडंच राहिलं. "आपल्याला?"

"मग काय मला एकट्याला?"

"मला वाटलं, तुम्हालाच."

"मला वाटलं, तुलाच!"

तेवीस वर्षांनी पहिलं बोलणं झालं ते असं. गळ्यात पडणं नाही, डोळ्यांत पाणी नाही. आवाजाला गंज चढला होता दोघांच्या, खाकरून खाकरून बोलत होते. पण बोलत होते.

"काढून टाकू हिला," भावजी म्हणाले.

"टाकलीच पाहिजे. सांग तिला."

"मी का? तुम्ही थोरले."

"तुझं आधी ठरलं, तू सांग."

"तुम्हीच सांगा की! समोर तर बसलीय."

आणि दोघंही अडले. कुणालाही काही सांगायचं असलं की ते हिच्याकडून सांगायची सवय! आता हिलाच काढायचं, तर ते हिला कुणाकरवी कळवायचं? ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी चहा आणलाय, निरोप नाही." जाऊ म्हणाली, "माझ्याकडे तर बघूच नका."

टपालबाईनं सुई पुन्हा हातात घेतली होती. टाका सरळ पडला. "रजिस्टरं सोमवारी द्यायचीत," ती म्हणाली. "तुम्ही बोला. मी इथेच आहे."

मग ते बोलले. जेवणाची वेळ टळली तरी बोलत होते. आधी सरसाच्या भांड्यावर आले, तिथून गाढवावर आले, आणि मग एकदाचे कामावर आले.

"तिला सरळ कापता येत नाही," हे म्हणाले.

"येतं. गेली चार वर्षं निम्मं तीच कापते. तुमचे हात थरथरतात म्हणून."

"मला कुणी बोललं नाही."

"कोण बोलणार होतं?"

ह्यांनी एक शिवलेलं रजिस्टर उचललं, उघडून पाठ वाकवून बघितली, पान ओढून बघितलं. आलं नाही. "टाका चांगला आहे," असं म्हणाले ते भावजींना नाही, मलाही नाही, तिच्याकडे बघून. "पण फसवलंस तू आम्हाला."

"फसवलं," ती म्हणाली. "ते चुकलं. टाका चुकला नाही."

"तुझं काय मत?" ह्यांनी भावजींना विचारलं.

भावजींनी ह्यांच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. सवयीनं विचारणार होते, तुमचं काय म्हणून. ओठावर आलेलं मला दिसलं. गिळलं त्यांनी. "द्यावं," ते म्हणाले. "मला तर पहिल्यापासून द्यावंसं वाटत होतं."

"मलाही," हे म्हणाले, आणि त्यांना त्याचा केवढा राग आला म्हणून सांगू!

शुक्रवारी फरशीवाला आला, त्याच्याशी टपालबाईच बोलली. जागा द्यायची नाहीये, इथे काम चालू आहे, असं दोन वाक्यांत सांगून तिनं त्याला वाट दाखवली. दोघं भाऊ मागे उभे होते, एकमेकांच्या कानात काहीतरी बोलत. फरशीवाला जाताना दोनदा मागे वळून बघत गेला, ते जागेसाठी नसावं.

आता दुकान तिचं आहे. सोपं नाही ते. मोठी दोन कामं दुसरीकडे गेली. आजवर दोघांच्या नावावर आणायची ती, स्वतःच्या नावावर मागताना पहिले काही महिने जीभ अडखळायची तिची. तरी ती जाते, मागते, नाही म्हणाले तर परत जाते. दोघं भाऊ सुरुवातीला खाली जाऊन बसायचे, पण बोलणं एवढं सुरू झालं की तिला काम सुचेना. तिनं पंधरा दिवस सोसलं आणि मग तोंडावर सांगितलं, "मालक, आता वर जाऊन बोला."

तेव्हापासून दोघं दिवसभर आमच्या डोक्यावर. तेवीस वर्षांचं साचलेलं! सकाळी चहाला बसतात ते दुपारी जेवायलाच उठतात, आणि एकाही गोष्टीवर एकमत नाही. शेवटी मी आणि जाऊ कंटाळून खाली दुकानात जायला लागलो. रिकाम्या हातांनी बसायचं कसं, म्हणून फर्म्यांच्या घड्या घालायला शिकलो. या वयात! काल मी वीसेक घड्या घालून मोठ्या ऐटीत तिच्यापुढे ठेवल्या. पूर्वीची टपालबाई म्हणाली असती, वा वहिनी, पहिल्याच खेपेला! तिनं वरची घडी उचलली, उजेडात धरली.

"वाकडी आहे, वहिनी. सगळ्या वाकड्या आहेत. परत घाला."

मी परत घातल्या.